चित्राखालच्या ओळी

गिऱ्हाईक बाईंनी चादर झटकून उलगडली आणि दाक्षायणीची कात्री सुतळीवर तशीच थांबली. दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरच्या नवी पेठेतल्या वडिलांच्या, अप्पांच्या, चादरींच्या दुकानात बसणं तिला नवं नव्हतं. गठ्ठ्याची सुतळी कापायची, चादरी रंगवार लावायच्या, अप्पा म्हणतील ती खाली काढायची, आणि मध्येच मोबाइल बघितला तर अप्पांच्या खोकल्याचा अर्थ आपला आपण लावायचा. दहावीचं वर्ष, पण अप्पांचं म्हणणं असं की पुस्तक दुकानातही उघडतं. सकाळीच अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून नवा गठ्ठा आला होता. तिनं तो धड पाहिलाही नव्हता, वरची एक चादर काढून अकलूजकडच्या या मायलेकींसमोर टाकली होती. चादरीवर मोर असतो, कमळ असतं, शंकरपाळ्यासारखे चौकोन असतात. डोळ्यांना त्याची एवढी सवय होते की चादर दिसते, नक्षी दिसत नाही. ही नक्षी मात्र उठून समोर आली. गडद किरमिजी रंगावर पांढऱ्या सुतात विणलेली एक बाई. डोक्यावर पदर, खांद्यावर घोंगडं, एक हात पुढं केलेला, हातात धागा, आणि तो धागा सरळ जात जात काठात शिरून नाहीसा झालेला. बाईचं नाक तीन पायऱ्यांचं होतं. भर बाजारात कुणीतरी आपल्याला पूर्ण नावानं हाक मारली आहे आणि आता मान वळवावीच लागणार, असं दाक्षायणीला वाटलं.

ते नाक सिद्धाराममामाचं. म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरचं नव्हे, त्याच्या हातचं. मामा, तिच्या आईचा धाकटा भाऊ, त्याच कारखान्यात चादरींच्या नक्षीचे ग्राफ काढायचा. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं आणि मामा तेही शिकला. पण त्याआधी वीस वर्षं त्यानं चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक चौकोन भरत मोर उभे केले होते. एक चौकोन म्हणजे एक धागा. वर उचलायचा नाहीतर खाली ठेवायचा, मधलं काही नाही. त्यामुळं मामाच्या हाताला गोलाई अशी राहिलीच नव्हती. त्यानं आंबा काढला तरी तो पायऱ्यापायऱ्यांचा यायचा, चंद्र काढला तर चढून जावंसं वाटायचं. आणि दुसरी सवय लिहायची. ग्राफ तयार झाला की त्याच्या शेजारी प्रत्येक ओळीत काय आहे ते तो अक्षरात लिहायचा, कारण मागाला नक्षी सांगणाऱ्या कार्डाला भोकं पाडणारा माणूस वेगळा असतो आणि त्यानं अंदाज करायचा नसतो. दिसतंय की म्हणून सोडलं की संपलं, मामा सांगायचा. एकदा कुणीतरी असंच सोडलं, कार्डवाल्यानं अंदाज केला, आणि चारशे चादरींवर तीन पायांचे मोर उमटले. त्या चादरींचं काय झालं, असं तिनं लहानपणी दहादा तरी विचारलं असेल. लोकांनी पांघरल्या की, मामा म्हणायचा, थंडीत मोराचे पाय मोजतंय कोण.

चौथीत असताना तिला टायफॉइड झाला आणि महिनाभर ती घरातल्या खिडकीपाशी पडून होती. मामा कारखान्यातून सुटला की येऊन बसायचा. एक दिवस त्यानं उरल्यासुरल्या ग्राफ कागदांची वही आणली, चादरीच्या सुतानंच शिवलेली. पहिल्या पानावर केराबाई. करमाळ्याची मेंढपाळ बाई, जिला कशातलाही धागा दिसायचा. माणसाच्या टोपीतला, भिंतीतला, ढगातला. तो तिनं धरून ओढला की समोरचं सगळं उसवत जायचं. प्रत्येक चित्राखाली मामाच्या टोकदार अक्षरात ओळी: ही केराबाई आहे. तिच्या मागे तीस मेंढ्या आहेत. चित्रात सात मावल्या. किंवा: केराबाईने टँकरवाल्याच्या टोपीचा धागा ओढला. टोपी गेली. आता सदरा चालला आहे. टँकरवाला रडत आहे, पण मनातून नाही. ताप चढला की तिला चित्रं हलताना दिसायची, चौकोन एकमेकांत शिरायचे, आणि मग मामा वाचून दाखवायचा. डोळे मिटले तरी केराबाई जागची हलायची नाही. ओळींनी ती खिळ्यांसारखी ठोकून ठेवलेली असायची. ताप उतरला, शाळा सुरू झाली, पाचवी गेली, सहावी गेली; दरवर्षी दोनचार पानं वाढत राहिली. कधी आषाढात, कधी जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी मामा वही न्यायचा आणि चार दिवसांनी आणून द्यायचा. वाच, म्हणायचा नाही. नुसती टेबलावर ठेवायचा आणि आईनं दिलेल्या चहाकडं बघत बसायचा. ती वाचताना हसली की चहा प्यायचा.

"ही कोन हाय?" गिऱ्हाईक बाईंनी विचारलं. चादरीवर त्यांनी तळहात ठेवला होता, पण जरा बाजूला, त्या बाईच्या अंगावर पडणार नाही असा. अप्पा गल्ल्यावरून म्हणाले, नक्षी आहे ती ताई, नवीन आलीय. बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी शेजारी उभ्या मुलीकडं, पूनमकडं पाहिलं. पंधरा दिवसांवर पूनमचं लग्न होतं आणि चार चादरी न्यायच्या होत्या. "नक्षीला नाक कशाला आसतंय?" त्या म्हणाल्या. पूनम हसली आणि आईच्या दंडाला चिमटा काढून, बघू दे की, अशा अर्थाचं काही म्हणाली. अप्पांनी दाक्षायणीकडं पाहिलं, म्हणजे आता हिनं बोलावं. एरवी ती बोलली असती. बोलणं हीच तर या वर्षातली तिची कमाई होती. वर्गात, स्नेहसंमेलनात, मावशीच्या गृहप्रवेशाला, कुठंही उभं केलं तरी तिला वाक्य सुचायचं आणि ते शेवटाला जाऊन नीट उतरायचं. ही विद्या तिला जूनमध्ये लाभली होती, आणि कुणाकडून, ते आठवलं की हल्ली कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

जूनमध्ये ती 'चौकट'मध्ये गेली. चौकट हा चित्रकथा वाचणाऱ्यांचा ग्रुप होता, मोबाइलवरचा आणि दर शनिवारी सात रस्त्याजवळच्या एका कॉफीच्या दुकानात भरणारा. पंधरासोळा जण, बहुतेक कॉलेजचे. शाळेतली ती एकटी. विरेश त्याचा प्रमुख, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याच्याकडं अडीचशे पुस्तकं होती आणि त्यातली बरीचशी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर आली नव्हती, कारण हवा लागली की कागद पिवळा पडतो. तिथं कॉमिक म्हणायचं नाही, ग्राफिक नॉव्हेल म्हणायचं, हे तिला पहिल्याच शनिवारी कळलं. ती कॉमिक म्हणाली तेव्हा कुणी रागावलं नाही, फक्त सगळ्यांनी एकदम आपापल्या कपात बघितलं. मग विरेशनं विचारलं, तू कुठून सुरुवात केलीस? हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. साधा प्रश्न वाटायचा, पण ती खरं तर प्रवेशपरीक्षा होती. मामाच्या वहीपासून, हे उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. तिला ती चव अजून आठवते, खरं तोंडात आलेलं आणि गिळलेलं. आधीच्या सगळ्यांनी दिलं होतं तेच उत्तर तिनं दिलं, त्यांच्या पुस्तकापासून.

'त्यांच्या' एवढंच पुरायचं. चौकटमध्ये त्या लेखकाचं नाव कुणी घेत नसे. पुण्याला राहणारे, परदेशात पारितोषिकं मिळालेले, फोटोत कधी न हसणारे. त्यांचं नवं, तीनशे पानांचं पुस्तक विरेशनं तिला आठ दिवसांच्या बोलीवर दिलं, हात धुऊन वाच असं सांगून. तिनं हात धुतले, दोनदा वाचलं, आणि तिला ते कळलं नाही. म्हणजे काय होतं ते कळलं. एक माणूस, त्याचं जळलेलं शहर, विसाव्या पानावर त्याची बायको मरते, नव्वदाव्या पानावर बहीण, मग एक मैत्रीण, आणि प्रत्येक मरणानंतर तो गच्चीवर जाऊन पाठमोरा उभा राहतो. पानंच्या पानं पाठ. तिनं कंटाळून मोजलं, तीनशे पानांत बायका अकरा वाक्यं बोलल्या होत्या, त्यातली चार "नको" होती. हे मोजलेलं ती सांगणार होती. शनिवारी तिची पाळी आली, विरेश, शिवानी, सगळे बघत होते, आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं ते असं, की या पुस्तकातल्या स्त्रियांचं मौन फार बोलकं आहे. शिवानी हळूच म्हणाली, वा. शिवानीचं वा म्हणजे लहान गोष्ट नव्हे. ती कुणाचीही टोपी उडवायची. त्या रात्री ग्रुपवर ते वाक्य विरेशनं तिच्या नावानिशी टाकलं, आणि बदाम येत राहिले. दाक्षायणी पांघरूण डोक्यावर घेऊन त्यांची संख्या वाढताना बघत होती. असं वाक्य आपल्याला येतं, हा शोध कुणाला पंधराव्या वर्षी सहन होतो? गुळाच्या खड्यासारखं ते तिनं कितीतरी दिवस गालात धरलं. अकरा वाक्यं राहिली ती राहिलीच.

मग वाक्यं येऊ लागली. कुणाचंही चित्र दाखवा, ती त्यावर धुकं सोडू शकायची. कुणी नवा मुलगा येऊन आपल्याला अमुक माकडाची गोष्ट आवडायची असं भाबडेपणानं म्हणाला की तीही आपल्या कपात बघायला शिकली. तो मुलगा पुढच्या शनिवारी आला नाही. ग्रुपच्या माथ्यावर त्या लेखकाचं एक वाक्य कायमचं चिकटवलेलं होतं: चित्र जे दाखवते तेच शब्दांत सांगणे म्हणजे वाचकाला आंधळे समजणे. ते सगळ्यांना पाठ. कुठलंही जुनं पुस्तक निघालं की कुणीतरी ते म्हणायचं आणि पुस्तक मिटायचं. दाक्षायणीनं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला घरातलं टेबल आठवलं, टेबलावरची वही, आणि ओळी. केराबाई विहिरीत वाकून बघत आहे. विहीर खोल आहे. चित्रात कागद संपला म्हणून एवढीच. तिला लाज वाटली. मामाची वाटली की आपल्याला ती वही आवडते याची, हे तिनं तेव्हा पाहिलं नाही. लाज आली की माणूस आधी दार लावतं, मग घरात कोण राहिलं ते बघतं.

"देवी तर न्हाय न्हवं?" बाई म्हणत होत्या. आता त्यांचा आवाज उतरला होता, जणू चादरीवरची बाई ऐकेल. "देवी आसंल तर अंगावर कशी घ्यायची? पाय लागतो. आमच्या कमळाभवानीच्या देवळात बी आसाच हात पुडं केलेली बाई हाय खांबावर." अप्पा हसत म्हणाले, अहो ताई, देवीची चादर कोण विणतंय, देवाला सगळे भितात. पण बाईंनी पुन्हा घडी घालायला घेतली, आणि घडीत केराबाईचा हात दुमडला जाऊ लागला, धाग्यासकट. असंच मिटताना दाक्षायणीनं तिला एकदा पाहिलं होतं. ऑगस्टमधले शनिवार-रविवार होते ते.

ते पुण्याचे लेखक सोलापूरला येणार होते. हॉटेलच्या हॉलमध्ये सकाळी अकराला भाषण, मग पंधरा मिनिटं भेट. चौकटमध्ये आठ दिवस दुसरा विषय नव्हता. कोण कुठल्या आवृत्तीवर सही घेणार, कोण काय विचारणार. दाक्षायणीकडं आवृत्ती नव्हती. पण तिच्याकडं दुसरं काही होतं, आणि ते शनिवारी संध्याकाळी मामानंच आणून टेबलावर ठेवलं. वही. नवीन एक पान काढलंय, म्हणाला, मोठं, शेवटचं आहे बहुतेक. तू आता मोठी झालीस की. मामाला घाई होती, चहाला थांबला नाही. आणि तिच्या डोक्यात एकदम दिवा लागला. आता तिला वाटतं तो दिवा नव्हता, वात जळत होती नुसती. चित्रं चांगली आहेत. खरंच चांगली आहेत. असलं नाक जगात कुणी काढत नाही. फक्त त्या ओळी नसत्या तर. ओळी नसतील तर ही वही त्यांच्यासमोर ठेवता येईल, ते थांबतील, चष्मा वर करतील, विचारतील हे कुणाचं, आणि विरेश, शिवानी, सगळे वळून बघतील. आणि मग ती म्हणेल, माझ्या मामाचं. हे वाक्य तिनं आरशासमोर म्हणूनसुद्धा पाहिलं. म्हणजे मामासाठीच चाललं होतं सगळं. निदान त्या संध्याकाळी तिला तसं पक्कं वाटत होतं.

दप्तरात व्हाइटनर होतं. एक बाटली संपली तेव्हा तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी आणली. चव्वेचाळीस पानं. ब्रश ओळीवरून फिरायचा, मागं पांढरी, जाड, ओली पट्टी उरायची, त्या वासानं डोकं हलकं झालं. टँकरवाला रडत आहे, पण मनातून नाही. गेलं. चित्रात सात मावल्या. गेल्या. फुंकर घालून वाळवायची, पान उलटायचं. मध्ये कुठंतरी तिला हसू आलं होतं एका ओळीला, आणि हसता हसताच तिनं ती पुसली. शेवटच्या पानावर आली तेव्हा आई जेवायला हाका मारत होती. पान मोठं होतं, दुमडलेलं. उघडलं, तर केराबाई एकटीच. मेंढ्या नाहीत, डोंगर नाही. हातात धागा, आणि धागा कागदाच्या कडेपर्यंत. खाली चार ओळी होत्या, नेहमीपेक्षा जास्त, नेहमीपेक्षा बारीक. आई तिसऱ्यांदा हाक मारत होती, कडक भाकरी काय आता मऊ होणार नाही पण आमटी निवतेय म्हणून. उद्या वाचू असं काही तिच्या मनात आलं का? आलं असणार. की पुसायच्या ओळी वाचायच्या कशाला, असं आलं? तिला आठवत नाही, आणि न आठवणं हे सोयीचं आहे हे तिला कळतं. ब्रश फिरला. चार ओळींवर चार पट्ट्या.

दुसऱ्या दिवशी ते बोलले ते चांगलंच बोलले असणार, सगळे लिहून घेत होते. मग रांग. तिची पाळी आली तेव्हा ते शेजारच्या आयोजकांशी परतीच्या गाडीविषयी बोलत होते. तिनं वही उघडून पुढं केली, शेवटचं पान. त्यांनी नाव विचारलं. दाक्षायणी, ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य, आरशात म्हटलेलं, सुरू करणार एवढ्यात त्यांचं पेन कागदावर टेकलंही होतं. त्या पांढऱ्या पट्ट्यांवर. दाक्षायणीस, असं लिहून त्यांनी खाली ऐसपैस सही केली, तारीख घातली, आणि गाडी किती वाजता म्हणालात, असं आयोजकांना विचारत पुढच्याचं पुस्तक हातात घेतलं. चित्राकडं त्यांनी पाहिलं नव्हतं. कागदावर मोकळी जागा होती, तिथं सही केली. एवढी मोठी माणसं मोकळ्या जागी सही करतात, त्यात चूक ती काय? मागून विरेशनं तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "लकी आहेस बे दाक्षे," तो म्हणाला, "नाव घालून दिली त्यांनी." सगळे जमले. सहीकडं बघत होते. शिवानीनं फोटो काढला आणि विचारलं, हे चौकोन चौकोन काय आहे पण? आता. अजून वेळ गेली नव्हती. वाक्य तयार होतं, दोनच शब्दांचं. दाक्षायणी म्हणाली, रद्दीतली वही आहे गं, दुसरा कागदच नव्हता जवळ. शिवानी हसली, छान हसली, आणि त्या हसण्याची ऊब घेत दाक्षायणीनं तोच फोटो आपल्या स्टेटसला लावला. खाली लिहिलं, रद्दीतल्या वहीचं भाग्य उजळलं. चांगलं वाक्य होतं. शेवटाला नीट उतरणारं.

संध्याकाळी स्टेटस कुणी कुणी पाहिलं ती यादी ती बघत होती. एकशे बारा जण. खाली खाली जाताना, दोन मैत्रिणींच्या मध्ये, सिद्धाराममामा. दुपारी बारा बावन्न. मामा स्टेटस बघतो हे तिला ठाऊक होतं. घरातल्या सगळ्यांचं बघतो, बायकोच्या भाचीचंसुद्धा. नेमकं तेवढंच त्या घाईत डोक्यातून गेलं होतं.

तो आला दहा दिवसांनी, चहा घेतला, वही मागितली. अंगठ्यानं पानं सोडत गेला. शेवटच्या पानावर थांबून त्यानं नखानं पट्टी जराशी खरवडली. पांढरं सुटलं, पण त्याबरोबर कागदाचा पापुद्राही निघाला, ओळ आणि चौकोन दोन्ही घेऊन. मग त्यानं खरवडणं सोडलं. "मोकळं झालंय की," तो म्हणाला. सहीवर बोट ठेवून हे कोण म्हणून विचारलं. मोठे लेखक आहेत, ती म्हणाली. त्यानं बराच वेळ सही बघितली, एखाद्याचा ग्राफ तपासावा तशी. "अक्षर चांगलं हाय," म्हणाला, आणि वही तिच्याकडंच ठेवून गेला. तो चिडला असता तर ती रडली असती, माफी मागितली असती, आणि आत्तापर्यंत सगळं मिटून गेलं असतं. पण तो चिडला नाही. त्यानंतर तो येत राहिला, आईशी कानडीत बोलत राहिला, तिला दाक्षव्वा म्हणत राहिला. फक्त चहा येताच पिऊन टाकायचा. चौकट तिनं सोडलं नाही. एक शनिवार चुकवला, मग दुसरा, आणि कुणी का आली नाहीस असं विचारलं नाही, तेव्हा ते आपोआप सुटलं. रागावून सोडलं असतं तर निदान गोष्ट झाली असती.

"ऱ्हाऊ दे मग," बाई म्हणाल्या, "मोराची दाखवा." पूनमनं चादरीचा कोपरा अजून सोडला नव्हता. तिनं तो उलटा करून पाहिला; मागच्या बाजूला किरमिजी बाई पांढऱ्या रंगावर उभी होती, हात दुसऱ्या दिशेला. आई, मला हीच आवडलीय, ती हलक्या आवाजात म्हणाली. आणि अप्पा मोराच्या चादरीसाठी वळले, तेवढ्यात दाक्षायणीला आपला आवाज ऐकू आला. तो वाक्य बनवत नव्हता. तो वाचत होता.

"देवी नाही ही. केराबाई आहे. करमाळ्याची. हिच्या मागं तीस मेंढ्या आहेत, चित्रात सात मावल्या." बाई थांबल्या. दाक्षायणी सांगत गेली. टोपी सांगितली, सदरा सांगितला, मनातून न रडणारा टँकरवाला सांगितला; पूनम फसकन हसली, आणि बाईंच्याही तोंडावरचा पदर हलला. ढगाचा धागा, शाळेच्या भिंतीचा धागा, विहीर खोल आहे पण कागद संपला. एकेक ओळ आपापल्या जागेवरून उठून येत होती, व्हाइटनरखालून, आणि तिला आश्चर्य वाटत होतं की आपल्याला सगळं पाठ आहे. बाईंनी हात उचलून आता बिनधास्त केराबाईच्या खांद्यावर ठेवला, घोंगड्याचा पोत बघावा तसा. "आमच्यातलीच दिसतीया," त्या म्हणाल्या. "मग? ह्यो धागा कशाचा?"

पुढं पांढरं होतं.

"शेवटचं मी वाचलं नाही."

"का? वही कुनाकडं हाय?"

"माझ्याकडंच. पण ते पुसलंय."

"कुनी?"

अप्पा मोराची चादर हातात घेऊन उभे होते. रस्त्यावरून रिक्षा सारखा भोंगा वाजवत होती. "मी," दाक्षायणी म्हणाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती हे मोठ्यानं म्हणाली होती, तेही कोणाला, तर जिला उद्या रस्त्यात पाहिलं तर ओळखणारही नाही अशा बाईला. बाईंनी तिच्याकडं पाहिलं, रागानं नाही, शेरडाच्या पायात काटा आहे का बघावं तसं. मग अप्पांना म्हणाल्या, ह्याच चार बांधून ठेवा, आम्ही भांडी घेऊन येतो. आणि पायरी उतरता उतरता दाक्षायणीला: "ज्यानं केलंय त्येला इचारून ठेव. लग्नात पोरी इचारतील, ही कोन आन् काय वडतीया म्हणून. मी काय सांगू?"

अप्पांनी आपला मोबाइल तिच्यापुढं सरकवला, सिद्धाराम असं नाव उघडून. तिचाही होता जवळ. पण अप्पांच्या फोनवरून तो उचलेल असं अप्पांना वाटलं की काय कुणास ठाऊक. उचललाही. मागं मागांचा खडखडाट होता, त्यामुळं दोघांनाही मोठ्यानं बोलावं लागलं, आणि लाजेची गोष्ट मोठ्यानं बोलणं फार अवघड असतं. ती म्हणाली, मी दाक्षू. केराबाईची चादर आलीय. अकलूजच्या बाई विचारतात ही देवी आहे का. देवी न्हाय म्हणावं, मामा म्हणाला, बिनघोर पांघरा म्हणावं. आवाजात काही नव्हतं, कामाचा आवाज. मग तिनं विचारलं.

"मामा, शेवटच्या पानावर खाली काय लिहिलं होतं?"

टोमणा नव्हता तो, कार्डवाल्याला विचारावं तसंच मामानं विचारलं:

"चित्रात दिसत नव्हतं काय?"

दिसतं, असं म्हणणारं एक वाक्य तिच्याजवळ होतं. मौन, रिकामी जागा, कागदाच्या कडेपलीकडचं काहीतरी. ते वर आलं, आणि पहिल्यांदाच तिनं खोटं तोंडात आलेलं गिळलं.

"नाही. नव्हतं दिसत."

"मग लिहिलेलं बरोबर होतं म्हणायचं," मामा म्हणाला. कुणीतरी त्याला लांबून हाक मारली, अण्णा, कार्ड अडकलं. आलो, तो त्याला म्हणाला, आणि तिला म्हणाला, ठेवतो दाक्षव्वा. फोन बंद झाला. त्यानं सांगितलं नव्हतं. विसरला असेल, असं कुणी म्हणेल. पण मामाला पंधरा वर्षांपूर्वीच्या मोराच्या कुठल्या ओळीत किती घरं होती तेही आठवायचं.

तिनं चार चादरी बांधल्या. मग गल्ल्याजवळची कोरी चिठ्ठी घेतली, अप्पांचं पेन घेतलं, आणि जे दिसत होतं तेवढंच लिहिलं, अंदाज न करता, कार्ड पाडणाऱ्याला कळावं असं. ही केराबाई आहे. ही देवी नाही. हिने धागा धरला आहे. धाग्याचे दुसरे टोक चित्रात नाही. चारही चादरींसाठी चार चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीच्या खाली एका ओळीपुरती जागा सोडली, आणि भांड्यांच्या दुकानातून त्या मायलेकी परत येईपर्यंत पेनाला टोपण लावलं नाही.